चक्रवाकाची मोकळी जागा

"काका, एवढा एक ओके करा ना. सगळी बॅच तुमच्यापाशी अडकलीये."

ऋचा माझ्या खुर्चीमागे उभी होती. माझा हात माउसवर होता आणि तो हलत नव्हता. स्क्रीनवर प्रश्न होता:

"जोडीदार मेल्यावर पुढच्या हिवाळ्यात त्याच ठिकाणी उतरून शेजारी एका पक्ष्यापुरती जागा मोकळी ठेवणारा पक्षी कोणता? मोर, धनेश, चक्रवाक की सारस?"

उत्तर चक्रवाक. खाली दोन सोर्स जोडलेले. नियमाप्रमाणे हिरवं बटण दाबायचं आणि पुढे जायचं.

आधी हे काम काय ते सांगतो. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. निवृत्त होऊन बराच काळ झाला. घरी बसून कंटाळलो होतो, तेव्हा बिबवेवाडीतल्या एका छोट्या कंपनीनं मला फॅक्ट-चेकिंगला बोलावलं. ही मंडळी मोबाइलवर खेळायची प्रश्नमंजूषा बनवतात, मराठीत. इतिहास, प्राणी, पुराणं, सिनेमा, जे म्हणाल ते. ऑफिस एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. गिरणी सुरू झाली की टेबल बारीक थरथरतं आणि की-बोर्डवर पांढरी पूड बसते. ऋचा इथली कन्टेन्ट हेड, माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. तिनं मला पहिल्या दिवशी नियम सांगितला होता. दोन स्वतंत्र सोर्स असले तर हिरवं. नसले तर लाल. पण लाल करतानाही कारण लागतं, आणि कारणालाही सोर्स लागतो.

काम मला आवडतं. ब्रह्मदेवाचं देऊळ भारतात एकच आहे, हे मी लाल केलं. अनेक आहेत. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, लाल. हॉकी हा आपला अधिकृत राष्ट्रीय खेळ आहे, लाल. त्यावर ऑफिसात अर्धा तास भांडण झालं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हिरवं. आपल्याकडच्या पहिल्या मूकपटात नायिकेचं काम एका पुरुषानं केलं होतं आणि तो आधी हॉटेलात कामाला होता, तेही हिरवं. माणसांना खोटं जितकं सहज पटतं तितकं हे खरं पटत नाही.

"हे लाल," मी म्हणालो.

"का? दोन सोर्स आहेत की."

"तरी खोटं आहे."

"मग खोटं असल्याचा सोर्स टाका. सिस्टीम रिकामी जागा घेत नाही."

"सोर्स मी."

"मी म्हणजे?"

"ही ओळ मी रचलीये, ऋचा. मनानं."

ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. खुर्ची ओढून शेजारी बसली.

दोन सोर्स मी तिला उघडून दाखवले. एक स्पर्धा परीक्षेचं पुस्तक, एक वेबसाइट. वेबसाइटनं पुस्तकातून उचललं होतं, शब्दही तेच. पुस्तकानं आमच्या पेपरातून उचललं होतं. एकाच विहिरीत सोडलेले दोन पोहरे. आणि विहिरीत पाणी मी ओतलेलं.

"ठीक आहे, पण काका," ती म्हणाली, "तुम्हाला सोर्स कसं धरणार? ज्यानं स्वतःच सांगितलं की मी खोटं लिहिलं, त्याच्या शब्दावर लाल करायचं? उद्या कोणीही म्हणेल. दुसरं कोणी आहे का सांगणारं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं.

"एकजण आहे," मी म्हणालो.

"मग करा की फोन! शुक्रवारपर्यंत थांबते मी. नाहीतर हा प्रश्न जातोय."

तिच्या दृष्टीनं ते एवढं सोपं होतं.

आमच्या पेपरच्या रविवार पुरवणीत एक चौकट असायची. चौकट म्हणजे पानाला लावलेलं ठिगळ. तेव्हा मजकुराच्या पट्ट्या ब्लेडनं कापून मोठ्या कागदावर चिकटवत आणि पान तयार करत. लेख चार ओळी कमी पडला की तिथे भोक दिसे. ते बुजवायला एखादी गमतीशीर माहिती टाकायची. बाकीचे पेपर हाताला लागेल ते टाकत. आमच्याकडे ते काम मधुकर गजभियेकडे होतं आणि त्यानं त्या ठिगळाचा पैठणीचा काठ केला होता. लोक रविवारी आधी चौकट वाचत, मग अग्रलेख. खाली दोन अक्षरं असत: म. ग.

गजभिये भंडाऱ्याकडचा. बौद्ध कुटुंबातला, घरात पहिला पत्रकार. "मी जेवण करून राहिलो" असं बोलायचा. आमच्या ऑफिसात त्याची नक्कल व्हायची, तोही हसायचा, आणि मग नक्कल करणाऱ्याच्या मजकुरातली चूक काढून त्याच्यासमोर ठेवायचा. आमची टेबलं समोरासमोर होती. त्याच्याकडे कोणी माहिती घेऊन आलं की त्याचा एकच प्रश्न असायचा.

"कोणी पाहिलं?"

"अहो, पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं पाहिलं?"

नाग दूध पितो असं कोणी सांगितलं, तर हा नाग सांभाळणाऱ्या माणसाला फोन करणार. जुन्या नटाची आठवण आली, तर त्याच्या रंगभूषाकाराला गाठणार. चार ओळींसाठी. मी म्हणायचो, अरे, यात लेख होईल. तो म्हणायचा, "लेख लिहायला तुम्ही लोक आहा ना."

रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवर खडकवासल्याला जायचो. भजी खायची, धरणाच्या पाण्याकडे बघत बसायचं. एका हिवाळ्यात तिथे चिखलाच्या कडेला एक नारिंगी रंगाचं मोठं बदक एकटंच बसलेलं दिसलं. गजभियेनं ओळखलं, चक्रवाक. जुन्या काव्यांतला पक्षी. नर आणि मादी रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारत राहतात, अशी त्याची कथा. हा पक्षी हिमालयापलीकडून आपल्याकडे थंडीला येतो. बाकीचा थवा लांब होता. हा एकटा. आम्ही बराच वेळ बघत बसलो. गजभिये म्हणाला, "याचं कोणी राहिलं वाटते मागे." एवढंच. माझ्या चार ओळींचं भांडवल ते एवढंच.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी त्याच्या मुलीला ताप आला. तो दुपारी लवकर निघाला. जाताना म्हणाला, "चौकटीसाठी पाकिटात दोन-तीन ठेवल्या आहेत. बसेल ती टाक." पान लागलं तेव्हा एकही बसेना. एक लांब, एक आखूड. कापायची तर पुन्हा जुळवून घ्यावी लागणार आणि जुळणी करणारा डबा आवरून निघायच्या बेतात होता. मी त्याला तिथेच उभ्या उभ्या चार ओळी सांगितल्या. चक्रवाक, जोडीदार, पुढचा हिवाळा, शेजारची मोकळी जागा. ओळी बरोबर बसल्या. सवयीनं त्यानं खाली म. ग. लावलं. ती अक्षरं मला दिसली. मी ती काढली नाहीत. कारण काही नव्हतं. पान छपाईला सुटायचं होतं.

सोमवारी गजभिये आला तो पुरवणी हातात घेऊनच.

"हे कुठून आलं?"

"अरे, आपण पाहिला नव्हता का खडकवासल्याला?"

"एकटा बसलेला पाहिला. जागा ठेवलेली कुठे पाहिली?"

"चार ओळी होत्या रे. कोणाच्या लक्षात येतंय?"

"पुढच्या रविवारी दुरुस्ती देऊ."

"दुरुस्ती दिली की साहेब विचारणार, कोणी लिहिलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पुरवणीची घडी घालून खणात टाकली. "बरं. राहू दे." माझ्यासाठी त्यानं स्वतःचा नियम मोडला तो तेवढा एकदा.

मंगळवारी एक गृहस्थ आले. सरळ संपादकांच्या केबिनमध्ये. गळ्यात दुर्बीण, हातात आमचं कात्रण. आम्हा दोघांना आत बोलावलं.

"माझा जन्म गेला पक्षी बघण्यात," गृहस्थ म्हणाले. "जागा राखून ठेवणारा चक्रवाक मला काही भेटला नाही. आपल्याला कुठे भेटला, तेवढा पत्ता द्या. मी जाऊन येतो."

संपादकांनी विचारलं, "गजभिये, हे तुमचं ना?"

गजभियेनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे पाहत होतो. त्यात एक निळं फूल होतं. अजूनही मला ते फूल काढून दाखवता येईल.

"चौकट माझी आहे," तो म्हणाला.

मी लिहिलं असं तो म्हणाला नाही. दुसऱ्यानं लिहिलं असंही म्हणाला नाही. माझ्यासाठी जागा ठेवून तो थांबला. मी बोललो नाही.

गृहस्थ गेले. संपादक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "हे बघा गजभिये, संदर्भ बघून लिहायची सवय एकदम लागत नाही. घरात तसं वातावरण लागतं. तुमचा दोष नाही." मग माझ्याकडे वळले. "गोगटे, पुढच्या आठवड्यापासून चौकट तुम्ही बघा. तुमच्याकडे घरात पुस्तकं आहेत."

ज्यानं आयुष्यात एक ओळ न विचारता छापली नाही, त्याला हे ऐकावं लागलं. आणि ज्यानं रचली होती, त्याच्यावर कोणाला संशयही आला नाही. का आला नाही, ते मला तिथे उभं असतानाच कळलं होतं.

मी म्हणालो, "बरं."

बाहेर आल्यावर आमचा चहा ठरलेला असायचा. तो म्हणाला, "आज नको." त्याला बाजारभावाच्या पानावर टाकलं. कांदा, बटाटा, गूळ. ते आकडेही तो मार्केट यार्डात फोन करून पडताळायचा. काही महिन्यांनी तो पेपर सोडून नागपूरला गेला. निघताना सगळ्यांना भेटला. माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "चौकट सांभाळा." केबिनमधल्या त्या दिवसापर्यंत तो मला अरे-तुरे करत होता.

सांभाळली. निवृत्त होईपर्यंत. लग्नाकार्यात लोक ओळख करून द्यायचे, हे चौकटवाले गोगटे. माझ्याकडे कोणी माहिती आणली की मी विचारायचो, कोणी पाहिलं? लोकांना वाटायचं हा माझा प्रश्न आहे. विचारून झाला की माझी नजर समोरच्या टेबलाकडे जायची. तिथे पुढे कोण कोण बसले, मला नीट आठवतही नाही. आजही टीव्हीवर कोणी काही ठोकून दिलं की मी मान वळवतो. समोर आमचा फ्रिज असतो.

बिबवेवाडीत ज्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या होत्या, तिच्या तोंडावरून मी आता रोज ऑफिसला जातो. तिथे इमारत झाली आहे. तरी मी रिक्षा त्याच बाजूनं घ्यायला सांगतो.

नंबर माझ्याकडे नव्हता. आमच्याकडे पानं चिकटवणारा सोनावणे कसबा पेठेत लग्नपत्रिका छापून देतो. त्याच्याकडे गेलो.

"गजभियेसाहेबांचा? आहे ना. दर चौदा एप्रिलला बोलतो आम्ही."

"बरे आहेत?"

"एकदम. गावी असतात आता, भंडाऱ्याकडे. तुमची चौकशी करायचे." तो मोबाइल चाळत होता. "आधी आधी."

मी म्हणालो, नंबर लिहून दे, घरी जाऊन निवांत करतो. सोनावणेनं माझ्याकडे पाहिलं. पुण्यात राहून माणूस मवाळ होतो असं नाही.

"निवांत कशाला? एवढी वर्षं निवांतच होतात की." त्यानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "घ्या. रिंग जातेय."

"बोला सोनावणे. जेवण करून राहिलो होतो. बोला."

आवाज तोच. जरा जाड झालेला.

"सोनावणे नाही. मी गोगटे."

स्टीलचं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"कोण गोगटे? चौकटवाले?"

"हो."

"बोला."

मी सगळं सांगितलं. मोबाइलचा खेळ, प्रश्न, दोन सोर्स, ऋचा. तो मधे बोलला नाही. पूर्वीही असाच ऐकायचा.

"म्हणजे तुम्हाला माझी साक्ष पाहिजे. ते तुम्ही लिहिलं म्हणून."

"हो."

"ती नाही देता येणार."

रागावण्याचा त्याला हक्क होता.

"अहो, मी घरी होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "तुम्हाला लिहिताना मी पाहिलं नाही. न पाहिलेलं कसं सांगू?"

सोनावणे पत्रिकांचा गठ्ठा उगाचच मोजत होता.

"पक्ष्याचं मात्र सांगू शकतो," गजभिये म्हणाला. "आमच्या गावाला लागून तलाव आहे. रिटायर झाल्यापासून दर थंडीत जाऊन बसतो. चक्रवाक येतात. बघत असतो."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? माझी अक्षरं होती खाली. खरं का खोटं, बघायला नको?"

"मग?"

"एकदा एका मादीला कुत्र्यांनी धरलं. माझ्या डोळ्यासमोर. नर दोन दिवस ओरडत हिंडला. तिसऱ्या दिवशी थव्यात शिरला. बाजूला दुसरा येऊन बसला. जागा काही ठेवली नाही त्यानं. एकच प्रसंग पाहिला, तेवढाच सांगतो. पुढच्या वर्षी तोच आला का, ते नाही सांगता येत. सगळे सारखेच दिसतात. ओळखायचा कसा? हा विचार लिहिणाऱ्यानं करायला पाहिजे होता."

"पाहिजे होता."

"खरं निघालं असतं तर तुम्हाला पोस्टकार्ड टाकणार होतो. तशी मनात तयारी होती. आणि पक्षीही काय निवडला! आमच्याकडे त्याला काय म्हणतात माहीत आहे? ब्राह्मणी बदक. खोटं त्याचं, नाव माझं."

तो हसला. ते हसू ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो, ते मला तेव्हा कळलं.

"गजभिये, त्या दिवशी केबिनमध्ये मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

पुढे काही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला नाही. जाऊ द्या, झालं गेलं, असलं काही नाही.

"हे छापून सांगतो मी," मी म्हणालो.

"सांगाच. मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"मी येऊ का तिकडे? पक्षी बघायला?"

"तलाव सरकारी आहे. कोणीही येऊ शकतं." मग जरा वेळानं, "पण थंडीत या. आता उन्हाळ्यात पक्षी नाहीत. तुम्ही आपले लिहाल, होते म्हणून."

फोन ठेवला. सोनावणेनं विचारलं, "चहा सांगू?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऋचाला सगळं सांगितलं. केबिनमधलंही. मग तिनं स्वतः प्रश्न लाल केला. कारण: प्रत्यक्ष निरीक्षणाशी जुळत नाही. सोर्स: मधुकर गजभिये, निवृत्त पत्रकार. सिस्टीमनं लिंक मागितली. तिनं तिच्या वरच्या साहेबांना फोन लावला. "सर, लिंक नाहीये. माणूस आहे." तिकडून काहीतरी लांबलचक आलं. "सर, आपल्या दोन्ही लिंक खोट्या निघाल्यात. हा माणूस तलावावर जाऊन बसतो." प्रश्न निघाला.

म्हणजे आमच्या खेळातून निघाला. त्याच आठवड्यात माझ्या वहिनीनं व्हॉट्सॲपवर मावळत्या सूर्याच्या चित्रावर तोच मजकूर पाठवला. वर सुप्रभात. मी लिहिलं, हे खोटं आहे. तिचं उत्तर आलं: "असू दे हो भावजी, छान आहे ना."

ते स्पर्धा परीक्षेचं पुस्तक काढणाऱ्यांना मी कळवलं आहे. त्यांचं उत्तर नाही. आमचा पेपर बंद पडला, संपादक वारले, दुर्बीणवाले गृहस्थही नसावेत. म्हणून ही दुरुस्ती इथे देतो. चक्रवाकाच्या त्या चार ओळी मी, गोगट्यानं, मनानं रचल्या होत्या. खालची अक्षरं ज्याची होती, त्यानं त्या लिहिल्या नाहीत. त्यानं न विचारता काहीच लिहिलं नाही. चौकट त्याची होती आणि ती मी घेतली.

भंडाऱ्याचं तिकीट थंडीतलं काढणार आहे. बरोबर दुर्बीण नेणार, वही नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. पानात चार ओळी कमी पडल्या तर तेवढी जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेनं वाचकाचं काही बिघडत नाही.